साक्षीपेटीशेजारची खुर्ची

वानिमोच्या कोर्टात पंखा आहे, वीज कधीमधी.
न्यायमूर्ती विमानाने येतात,
लाल झगा खोक्यात घडी घालून,
आणि मग आठवडाभर समुद्राकडच्या खिडक्या बंद,
लाटांपुढे साक्ष ऐकू येत नाही.

माझी खुर्ची साक्षीपेटीला लागून.
मी आगाता सोम्बो, दुभाषी. पगार पंधरवड्याला.
काम एवढंच, की सगळ्यांच्या वतीने 'मी' म्हणायचं.

सकाळी मी ओट्टो सांगी होते :
मला बाजारातून उचललं,
बेचाळीस रात्री कोठडीत ठेवलं.
मी विचारलं, कुठल्या कलमाखाली?
तर दार लावून घेतलं.

दुपारी मी सार्जंट होते :
मला काही आठवत नाही, साहेब.
नोंदवही पुरात वाहून गेली.
(त्या साली पूर आलाच नव्हता.
पण दुभाष्याला कंस नसतात.)

सार्जंट माझ्याच गावाकडचा. वांटोक, एका बोलीचा.
आदल्या संध्याकाळी येऊन पायरीवर बसला होता.
सुपारी, चुना, मिरवेलीची शेंग,
सगळं केळीच्या पानात नीट बांधलेलं.
म्हणाला, मावशी, एक शब्द इकडचा तिकडे.
कोणाचं काय जातंय?
मी सुपारी खाल्ली. नाही म्हणणं आमच्यात बरं दिसत नाही.
तोंड लाल झालं.
शब्द होते तिथेच राहिले.

सरकारी वकील मोरेस्बीचा, बूट कोरे.
म्हणाला, आम्ही हे आरोप नाकारतो.
आता टोक पिसिनमध्ये 'आम्ही' दोन :
युमी, ज्यात ऐकणाराही येतो,
आणि मिपेला, ज्यात तो उंबऱ्याबाहेर.
मी म्हटलं, मिपेला.
ओट्टोने नुसती मान हलवली.
एवढं त्याला आधीच ठाऊक होतं.

निकालाच्या दिवशी वीज होती.
न्यायमूर्तींनी ते जाड पुस्तक पहिल्या पानावर उघडलं,
ओळीवर बोट ठेवलं,
आम्ही, या देशाचे लोक,
आणि थांबले. माझ्यासाठी.

वीस वर्षांत ही ओळ माझ्या तोंडी आली नव्हती.
इंग्रजीत तो एकच शब्द, नदीतल्या गोट्यासारखा,
आत कोण, बाहेर कोण, काही सांगत नाही.
हे पुस्तक लिहायच्या आधी
होडीतून माणसं आली होती म्हणे आमच्या गावी, विचारायला.
आई सागो धूत होती. तिने काहीतरी सांगितलं.
काय, ते तिला आता आठवत नाही.

मिपेला म्हणावं
तर पुस्तक त्यांचं, आपण नुसते ऐकणारे.
युमी म्हणावं
तर ओट्टो आत, सार्जंटही आत,
वकिलाचे कोरे बूट आत,
आईचं ते विसरलेलं वाक्य आत,
आणि मीसुद्धा, जिला या खोलीत स्वतःचा 'मी' नाही.

सगळे माझ्या लाल तोंडाकडे बघत होते.

युमी, मी म्हणाले.

पुढचं सोपं होतं.
राज्य इथे एक पक्षकार आहे,
त्याचं टेबल ओट्टोच्या टेबलाएवढंच.
आरोपाशिवाय माणूस कोंडायची मुभा
संसदेने पोलिसांना दिलेली नाही,
दिली असती तरी या पानांपुढे टिकली नसती.
भरपाई द्यावी.
वकील उठला : आम्ही अपील करू.
मिपेला. करू देत.
तेही त्याच पुस्तकात लिहिलंय.

पैसे अजून आलेले नाहीत.
फाईल मोरेस्बीत कुठल्याशा टेबलावर आहे,
कुठल्या, ते ओट्टो दर महिन्याला फोन करून विचारतो.
बाकी वेळ धुरावलेले मासे विकतो, त्याच बाजारात.

परवा सार्जंट त्याच्यासमोर उभा, गणवेशात.
दोन मासे उचलले आणि दोन किना कमी टेकवले.
ओट्टोने पैसे मोजले. परत मोजले.
कुठल्या कलमाखाली? म्हणाला.

आजूबाजूच्या बायका हसल्या.
सार्जंट खिसे चाचपत राहिला.

तिथे माझं काही काम नव्हतं.
मीही दोन मासे घेतले,
पूर्ण भावाने.